चार वाजताचा उसाचा रस

बाळांनो, मागच्या रविवारी तुमच्या बाबांनी स्वतःच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "आई, फॅटी लिव्हर आहे फक्त. तूच वाचून सांग." त्या 'फक्त'मुळे तुम्हाला लिहायला बसले आहे.

काही वर्षांपूर्वी आजोबांच्या रिपोर्टवर हेच होतं. गल्लीत इंग्रजी वाचणारी मी. शेजारीही आपापले रिपोर्ट माझ्याकडेच आणत. मी चष्मा लावून वाचलं, "किरकोळ आहे" म्हणाले आणि कागद तारखेप्रमाणे फाइलला लावला. डॉक्टरांना दाखवला नाही. चरबी म्हणजे तूप-तेल, म्हणून ते बंद केलं. आणि लिव्हरला थंडावा मिळावा म्हणून, काविळीत देतात तसा, रोज चार वाजता उसाचा रस सुरू केला. मोठा पेला भरून. एक दिवस चुकवला नाही.

"मॅडम, तूप तं गेलं. आता भातबी मोजून देता का जी?" आजोबा जेवताना चिडवायचे. भात मोजणं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याकडे दोन्ही वेळा ताटभर भातच.

मग त्यांचे पाय सुजले, पोटात पाणी झालं. दारूला कधी न शिवलेला माणूस. पण भेटायला आलेले लोक अंगणात कुजबुजायचे, आणि ते त्यांना खाटेवर ऐकू यायचं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कागदावर यकृत काढून दाखवलं. "काकू, आधी नुसती चरबी साठते. मग काहींच्या यकृताला सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली की व्रण पडतात, यकृत कडक होतं. सूज होती तोवर वजन उतरवलं असतं, गोड आणि भात कमी केला असता, तर बरंच मागे आणता आलं असतं."

"आणि उसाचा रस?" मी विचारलं.

ते पेनाचं टोपण लावत राहिले.

"जाऊ द्या जी, डॉक्टर," आजोबा म्हणाले. "रस मलेच आवडत होता."

हे खोटं होतं. चार वाजता त्यांना चहा हवा असायचा.

त्या उन्हाळ्यात ते गेले.

या वेळी मी रिपोर्ट वाचला नाही. तुमच्या बाबांना म्हटलं, "मला काही कळत नाही. डॉक्टरकडे जा." काल त्यांचा फोन आला. पुढच्या तपासण्या झाल्या.

त्यांच्या यकृताला सूज आहे. व्रण अजून पडलेले नाहीत.