ओढताईच्या हातची केबल

कारखान्यात तिला सगळे ओढताई म्हणत. कामच तसं होतं. कपडे धुण्याच्या यंत्रांत बसणाऱ्या तारांचे जुडगे तयार होऊन तिच्या टेबलावर यायचे आणि ती प्रत्येक तार दोन बोटांत धरून एक झटका द्यायची, मग एक पीळ, मग पुन्हा झटका. सुटली तर जुडगा परत. टिकली तर हिरवा ठिपका. एकोणीस वर्षं, दिवसाला सहाशे-सातशे झटके. एवढं झाल्यावर हात घरी येऊन गप्प बसतील ही अपेक्षाच चुकीची. पाहुण्यांच्या पिशवीचा बंद, कपाटाची मूठ, दवाखान्यातल्या खुर्चीचा हात, सगळं ती जाता जाता ओढून बघे. एकदा बँकेत साखळीला बांधलेलं पेन साखळीसकट तिच्या हातात आलं. तिने ते कारकुनापुढे ठेवलं आणि वर त्यालाच सुनावलं, "नीट बसवत जा हो."

अशा बाईच्या हातची केबल भर सभागृहात दगा देते, म्हणजे काय होत असेल तिचं?

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचा धाकटा भाऊ दिवसभर फरशांच्या दुकानात नमुने दाखवतो आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गिटारमधला आवाज ॲम्पपर्यंत, म्हणजे तो मोठा करणाऱ्या पेटीपर्यंत, केबलने जातो. ती केबल ताईने घरी बसून स्वतः केली होती. मोठ्या कार्यक्रमात त्याला पहिल्यांदाच एकट्याने वाजवायला मिळालं होतं. आई, मामा-मामी, सगळे शेजारी पहिल्या तीन रांगांत. तुकडा अर्ध्यावर आला आणि खरखर सुरू झाली, मग आवाजच गेला. तो बोटं फिरवतोय आणि ऐकू काहीच येत नाही. मागून कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं हसले. पडद्याआड आल्यावर माणसांनी त्याला घेरलं, काय झालं, कसं झालं. तो म्हणाला, "केबल गेली. ताईने केली होती."

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. पण ते वाक्य त्याच्या आधी घरी पोचलं. आई तिला इस्त्रीच्या वायरला हात लावू देईना. "राहू दे गं, इलेक्ट्रिशियन येईल." मामा भेटले की हसत विचारत, "काय ओढताई, आज काय तोडलंस?" तीही हसायची. त्याच महिन्यात कारखान्यातल्या साहेबांनी तिला नव्या मुलींना काम शिकवायची जागा देऊ केली. तिने घरच्या अडचणीचं कारण पुढे करून नकार दिला. खरं कारण तिच्या पोटातच राहिलं. जिची तार चारशे माणसांसमोर तुटते, तिने दुसऱ्यांना काय शिकवायचं? ती जागा तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुलीला गेली, आणि अडलं की ती मुलगी विचारायला यायची ते हिच्याकडेच.

मेलेली केबल तिने पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर ठेवून दिली. प्लगचं टोपण उघडून तारेच्या सांध्याचं सोल्डर, म्हणजे वितळवून लावलेलं कथील, कुठे सुटलंय ते बघायला दोन मिनिटं पुरली असती. दोन वर्षांत तिचं धाडस झालं नाही. जग ओढून बघणारी बाई त्या एका डब्याजवळून जाताना मान फिरवायची.

आणि एका मंगळवारी संध्याकाळी धाकटा, हल्ली कामाजवळ खोली घेऊन राहणारा, दारात उभा. बसला नाही, पाणी घेतलं नाही.

"ताई, शनिवारी चार वाजता चाचणी आहे. एका बँडचा गिटारवाला सोडून गेलाय. वर्षभर फिरतीवर असतात ते. मला घेतलं तर फरशा सुटतील माझ्या."

"मग चांगलंच आहे की."

"माझी केबल कालपासून खरखरायला लागलीय. कोणती घेऊ? तुला कळतं त्यातलं."

घेऊ, म्हणाला. करून दे, म्हणाला नाही. हे तिला टोचलं, आणि आपल्याला टोचावं याचाही राग आला. तिने पदराला हात पुसत म्हटलं, "उद्या सहाला वाद्यांच्या दुकानापाशी ये."

वाद्यांच्या दुकानदाराने त्या संध्याकाळी काय पाप केलं होतं कोण जाणे. पहिली केबल जाडजूड, छान मऊ. ताईने प्लगचं टोपण फिरवून आत बघितलं. "ही गिटारची नाही, स्पीकरची आहे. टोकं सारखीच, पण आत जाळी नाही." बारीक तांब्याची जाळी तारेभोवती विणलेली असली तर बाहेरची घूं-घूं आत शिरत नाही, हे तिने धाकट्याला सांगितलं आणि केबल परत सरकवली. दुसरीला सोन्याचा मुलामा. दुकानदार मुलाम्याचं कौतुक करत होता आणि ताई टोपण फिरवायला बघत होती. ते फिरेना, प्लग रबरात ओतलेला होता.

"हे उघडत नाही."

"उघडायचं कशाला, ताई? फॅक्टरीची गॅरंटी आहे."

"गॅरंटी त्याला चाचणीत वाजवून दाखवणार का?"

तिसरी नको इतकी लांब. लांबी वाढली की आवाजाची धार बोथट होते. चौथी तिने ॲम्पला लावायला सांगितली आणि तारेवर बोटाने टिचकी मारली. पेटीतून धप्प आवाज आला. "बघ, हात लागला तरी बोलते ही. तू चालणार, तुझा पाय लागणार, आणि गिटारबरोबर हीसुद्धा वाजणार." पाचवी, सहावी. प्रत्येकीला झटका, पीळ, पुन्हा झटका. सहावीचा प्लग हातात आला. दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

"बाई," तो म्हणाला, ताईची बाई झाली होती एव्हाना, "तुम्हीच करा ना मग एखादी."

त्यावर ताईने धाकट्याकडे बघितलं. तो खाली फरशी निरखत होता, जणू दुकानात विकायला घ्यायची आहे. शेवटी त्यातल्या त्यात बरी, टोपण उघडणारी, आत जाळी असलेली लाल केबल घेऊन दोघं बाहेर पडले.

घरी आल्यावर तिच्याने राहवेना. लाल केबलचे दोन्ही प्लग उघडले. एक सांधा चकचकीत, दुसरा राखाडी आणि खडबडीत. म्हणजे सोल्डर नीट वितळलंच नव्हतं, नुसतं चिकटलं होतं. आज वाजेल, उद्या वाजेल, शनिवारी चारला वाजेलच असं नाही. सांधा पुन्हा करायला हवा. पण कोणी करायचा? तिने सोल्डर गन तापत ठेवली, बंद केली, पुन्हा तापत ठेवली. स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसला, मघाशीच पुसलेला होता तो. मागच्या वेळी आपण नेमकं काय चुकवलं ते कळल्याशिवाय हा सांधा करणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं. हे कळत होतं आणि पाय कपाटाकडे वळत नव्हते. ती रात्र तशीच गेली.

गुरुवारी मात्र तिने सकाळी निघताना डबा उतरवला आणि उघडून न बघताच पिशवीत टाकला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खाली गेल्यावर टेबलापाशी बसली आणि प्लग उघडला.

सांधा जागेवर होता. चकचकीत, गुळगुळीत. तिने ओढला. हलला नाही. जीव खाऊन ओढला, तरी नाही. दुसरा प्लगही तसाच. मग तिने तपासणीच्या यंत्राच्या दोन सुया केबलच्या दोन टोकांना लावल्या आणि बोटं वीत-वीत सरकवत केबल वाकवत गेली. साधारण मध्यावर एका जागी वाकवली की तार जुळून यंत्राचा दिवा लागे, सोडली की विझे. तिथे वरचं आवरण चपटं झालं होतं आणि त्यावर दोन समांतर वळ उमटले होते. तिने ब्लेडने ते कापलं. आतली तार दाबली जाऊन तुटली होती.

वळ तिने लगेच ओळखले. धाकट्याच्या ॲम्पला खाली लोखंडी चाकं आहेत, दुहेरी, जोडीने फिरणारी. सभागृहाच्या स्टेजच्या दारात लोखंडी पट्टी होती. पट्टीवर केबल, केबलवर चाक. आणि तो ॲम्प धाकटा दुसऱ्या कोणाला ढकलू देत नाही, हात लावू देत नाही.

पहिल्यांदा तिला नुसता आनंद झाला. माझा सांधा टिकला, माझा सांधा टिकला, असं ती स्वतःशीच दोनदा मोठ्याने म्हणाली. मग आनंदाच्या मागून दुसरं काहीतरी आलं आणि दिवसभर तिला जागेवर बसू देईना. त्याला माहीत होतं का? नसेल. घाईत ढकलला असेल, लक्ष गेलं नसेल. माहीत असतं तर बोलला असता, आपलाच आहे तो. तिने हे इतक्या वेळा स्वतःला सांगितलं की चार जुडग्यांवर ठिपका द्यायचा राहिला आणि शिकवणारी मुलगी विचारायला आली, "ताई, बरं नाही का?"

फोन करून विचारावं म्हणून दोनदा नंबर काढला, दोनदा फोन ठेवला. चाचणीच्या तोंडावर हे काढलं तर शनिवारी त्याची बोटं थरथरतील. चार वाजेपर्यंत ब्र काढायचा नाही, असं तिने ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट न ओढता ठेवायची होती, आणि हात नुसते शिवशिवत होते.

शुक्रवारी सुटल्यावर ती एकटीच पुन्हा दुकानात गेली. दुकानदाराने तिला बघितलं, केबलचं रीळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "ओढा." तिने चार मीटर तार आणि दोन उघडणारे प्लग घेतले. घरी येऊन आधी लाल केबलचा राखाडी सांधा नव्याने केला, मग स्वतःची काळी केबल केली. सांधे पहिल्याच फेरीत चकचकीत आले. आई दाराशी येऊन म्हणाली, "तू कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" ताईने वर बघितलं नाही.

शनिवारी अर्धी रजा टाकून ती धाकट्याबरोबर गेली. एका जुन्या व्यायामशाळेत बँडवाल्यांनी सामान मांडलं होतं. ॲम्प त्यांचाच होता, बरोबर आणायची होती फक्त गिटार आणि केबल. चौघं खुर्च्यांवर बसले होते, त्यातला एक सारखा घड्याळ बघत होता. धाकट्याचे ओठ कोरडे पडले होते. ताईने पिशवीतून दोन्ही केबली काढल्या.

"ही बुधवारची दुकानातली, सांधा मी पुन्हा केलाय. आणि ही काळी काल केली, सगळी माझ्या हातची. तुझं तू बघ."

त्याने लालकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुढे केला. "तुझी दे."

ओढून बघितली नाही, काही विचारलं नाही. प्लग खोचला, केबलचा एक वेढा गिटारच्या पट्ट्यातून घेतला आणि पुढे गेला.

आणि ताई जागच्या जागी थिजली. ज्या हातच्या तारेने माणसाला चारशे लोकांत तोंडघशी पाडलं, त्याच हातची तार तो पोटापाण्याचा प्रश्न असताना अशी डोळे मिटून मागेल? दुकानातली मागेल. घाबरत मागेल, दहादा तपासून मागेल. ज्याला पक्कं माहीत आहे की त्या दिवशी दोष तारेचा नव्हताच, तोच अशी मागेल. त्याला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं.

तो वाजवत होता. आवाज स्वच्छ येत होता, खरखर नाही, घूं-घूं नाही, प्रत्येक सूर सुटा आणि टोकदार. घड्याळ बघणारा माणूस आता पायाने ताल धरून होता. ताईला भावाचा अभिमान वाटला आणि त्याच्या एक कानफटात द्यावीशी वाटली, दोन्ही एकदमच. कुठे बघावं ते न कळून ती दाराच्या कडीकडे बघत राहिली. कडी ढिली होती.

पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. "घेतलं, ताई. सोमवारपासून या म्हणाले. आणि केबल काय झालीय गं, एवढासासुद्धा आवाज नाही हिचा."

"ॲम्पचं चाक गेलं होतं तिच्यावरून," ताई म्हणाली.

कोणत्या केबलवरून, असं त्याने विचारलं नाही. चेहऱ्यावरचं हसू तेवढं उतरलं.

"कधी उघडलीस?"

"गुरुवारी. तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. ढकलतानाच कळलं काहीतरी दबलं म्हणून. वाटलं, वाजेल." तो रस्त्याकडे बघत होता. "सगळे एकदम विचारायला लागले गं. तोंडातून निघून गेलं. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तू ती शिकवायची जागा सोडलीस. त्यानंतर तर कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ताईचा आवाज खाली गेला. "जागा का सोडली ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

आतापर्यंत तिने स्वतःला आवरलं होतं. आता डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. "ती जागा तू मला कशी परत देणार आहेस, तेवढं सांग," ती म्हणाली आणि थांबली. बस येईपर्यंत थांबली. तो काळ्या केबलचा वेढा सोडत आणि पुन्हा घालत राहिला.

"आईला सांग मग," ती म्हणाली. "आणि मामांना. आज."

"आज? आज त्यांना चांगली बातमी द्यायचीय, ताई."

"दोन्ही दे."

त्याने 'बरं' म्हणून मान हलवली. बस जवळजवळ रिकामी होती. ताई खिडकीपाशी बसली, शेजारची जागा मोकळी होती, पण तो घर येईपर्यंत गिटार पाठीला लावून तिच्याजवळ उभाच राहिला.