अक्कासाठी लिहिलेलं हिब्रू पत्र

धुळ्यात, देवपुरात आमच्या शेजारी राहणारे नाना एका वाक्याच्या भाषांतराला आठवडा घेत, आणि त्या आठवड्यात सगळ्या गल्लीला कामाला लावत. ते बेने इस्राएल, म्हणजे घरी मराठीच बोलणारे आपल्याकडचे ज्यू. मी शिकवायचे त्याच शाळेत त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. हिब्रू त्यांना वडिलांनी शिकवली होती, तीही प्रार्थनेपुरती. बाळांनो, तुम्ही फोनवर बोट फिरवलं की भाषांतर समोर येतं, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नानांची थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन इस्रायलला गेली ती तिथलीच झाली. ऐंशी ओलांडल्यावर तिला विसर पडू लागला आणि तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथली माणसं हिब्रू बोलणारी. अक्काची तिथे शिकलेली हिब्रू तर पुसूनच गेली. ती बोलेनाशी झाली. तिच्या आत काय शिल्लक आहे, हे तिथल्या नर्सला कळावं म्हणून नानांनी पत्र लिहायला घेतलं. "तिला कोणी रिकामं घर समजू नये," एवढंच ते म्हणाले.

मजकूर आधी इंग्रजीत, मग इंग्रजी-हिब्रू शब्दकोश घेऊन हिब्रूत. इंग्रजी मी तपासायची. एकदा ते कागद घेऊन आले. "बाई, 'मला नीट आठवत असेल तर' याला इंग्रजीत म्हणतात, आठवण चाकरी करत असेल तर. हिब्रूत म्हणतात, आठवण मला फसवत नसेल तर. आता आमच्या अक्काची आठवण नोकर की लबाड?"

"नाना, काहीतरी एक लिहून टाका."

"पोरांचे पेपर असेच तपासलेत वाटतं?" चष्म्यावरून बघत ते म्हणाले.

मग ते कोपऱ्यावरच्या मारवाडी दुकानदाराकडे गेले. "शेठ, तुम्ही विसरता तेव्हा नेमकं काय होतं?"

"नाव जातं हो नाना. पण कोण तूरडाळ नेतं, कोण मूगडाळ, ते हाताला ठाऊक असतं."

नाना घरी आले आणि 'ती सगळं विसरली आहे' हे वाक्य त्यांनी खोडलं. त्याजागी लिहिलं: 'तिला नावं विचारू नका. तिच्या हातात पीठ द्या.' मी चाळीस वर्षं भाषा शिकवली, पण भाषांतर म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं.

पत्र गेलं. महिन्याभराने नर्सचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती मोडक्या इंग्रजीत हसत सांगत होती, "आजोबा, अशी हिब्रू आता कोणी बोलत नाही. आम्हाला वाटलं, एखाद्या संदेष्ट्यानेच पत्र धाडलंय!"

नानांचा चेहरा उतरला. प्रार्थनेच्या पुस्तकातली हिब्रू. दुसरी त्यांना येणार कुठून? इतक्या महिन्यांची मेहनत हसण्यावारी गेली असं मला वाटलं.

पण नर्स पुढे बोलतच होती. गंमत म्हणून तिने ते पत्र खोलीत मोठ्याने वाचलं होतं. सवयीने नानांनी वर सकाळच्या प्रार्थनेची पहिली ओळ लिहिली होती. ती ऐकताच कित्येक महिने गप्प असलेल्या अक्काने दुसरी ओळ म्हटली. मग तिसरी.

नर्सने फोन अक्काकडे दिला. नानांनी पहिली ओळ म्हटली. तिकडून बारीक, कापरा आवाज आला. दोघांनी मिळून ती प्रार्थना पुरी केली, वडिलांच्या चालीत, कुठे न अडखळता. मग अक्काने खान्देशीत विचारलं, "तू कोन शेस रे?"

नाना म्हणाले, "धुळ्याना शे, अक्का."

"मंग ठीक शे. म्हन पुढे."

त्यानंतर वर्षभर, रोज अकराच्या सुमारास, तिकडे सकाळ असताना, नाना फोन लावत. अक्काने त्यांना शेवटपर्यंत ओळखलं नाही. नानांनीही आपलं नाव कधी सांगितलं नाही. एक ओळ म्हणायचे आणि फोन कानाशी घट्ट धरून दुसरीची वाट बघायचे.