कॅमेऱ्याचं कपाळ

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नंदीश नावाचा माणूस कॅमेऱ्यांशी बोलतो. त्याला पगार त्याच कामाचा मिळतो. वय चौतीस, गाव अक्कलकोटकडचं. नऊ वर्षं पुण्यात काढली आणि घरची कानडी कानावर पडेना म्हणून परत आला. असल्या कारणासाठी पुणं सोडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामची खुबी एकच. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, विचारायचं तेच: तुला काय काय येतं, आणि कुठपर्यंत? कॅमेरा आपली यादी देतो. उजेड किती वेळ घेऊ, चित्र किती उजळू, फोटो कधी काढू. नंदीश आकडे भरतो, कॅमेरा ऐकतो. मी इथला सुपरवायझर, पण माझं कुणी इतकं ऐकत नाही.

मालक गुरुशांतशेठनी बजावलं होतं, "शनिवारी कॅमेऱ्यानं डागी टॉवेल बरोबर वेगळे काढले, तर तू कायम. नाहीतर कॅमेरा आणि तू, दोघंही परत."

आणि कॅमेऱ्याला सकाळी सगळं अंधुक दिसायचं. चांगले टॉवेलही तो बाद करायचा. नंदीश उजेडाचा आकडा वाढवायचा. दुपारनंतर चित्र पांढरंफटक पडून खरे डागही दिसेनासे व्हायचे. मग आकडा कमी. दुसऱ्या सकाळी पुन्हा अंधुक. चार दिवस हेच. कारखाना बंद झाल्यावर कॅमेरा आकडे विसरतो की काय, म्हणून त्यानं विचारून पाहिलं. कॅमेऱ्यानं कालचेच आकडे निमूट सांगितले. नंदीश डबा उघडून तसाच मिटायला लागला. मला कीव यायची, पण मी टोमणेच मारले. स्वभाव.

शनिवारी आम्ही दोघं लवकर आलो, तर सावित्रम्मा कॅमेऱ्यासमोर स्टुलावर उभी. सव्वीस वर्षं हातानं टॉवेल तपासणारी बाई. माग, वजनकाटा, पाण्याची मोटार, सगळ्यांना विभूती लावल्याशिवाय ती कामाला हात लावत नाही. तिनं ओल्या तीन बोटांनी कॅमेऱ्याच्या काचेवर विभूती ओढली. दुपारपर्यंत ती वाळून मागांच्या हादऱ्यानं झडत होती, एवढंच.

"अक्का, हे रोज लावताय?" नंदीशनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासनं. तुझी नोकरी टिकू दे म्हणून की."

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. नंदीशनं तिचं स्टूल धरलं.

"अक्का, कपाळ मागं हाय," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचं उलटं असतंय."

"मग आदी सांगायचं न्हाय का?" तिनं पदरानं काच पुसली आणि मागच्या बाजूला नव्यानं पट्टे ओढले.

अकरा वाजता शेठ आले. शंभर टॉवेलांत सात डागी मिसळले होते. कॅमेऱ्यानं नेमके तेच सात काढले.

"मग चार दिवस काय झालं होतं?" शेठनी विचारलं.

सावित्रम्मा शेजारीच घड्या घालत होती. मी तोंड उघडलं. नंदीशनं माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं.

"माझे आकडे चुकले होते," तो म्हणाला.

"साधे आकडे जमत नाहीत? कॅमेरा राहू दे. तुझं कायम व्हायचं सहा महिन्यांनी बघू."

शेठ गेल्यावर सावित्रम्मा म्हणाली, "बघ, जागा चुकली होती. बरोबर जागी लावली, आन् नोकरी राहिली."

"व्हय अक्का," नंदीश म्हणाला आणि डबा उघडून जेवायला बसला.

त्या दिवशी मी टोमणा मारला नाही.