अंगठ्यावरचं बीपी

आमच्या ह्यांचा उजव्या पायाचा अंगठा सुजला, की घरात चादरीचीसुद्धा भीती. पायावर चादर पडली तरी ओरडायचे. एवढा मोठा गडी, बोईसरच्या कारखान्यात बॉयलर चालवणारा, आणि अंगठ्यापुढे अगदी लेकरू! "माशी बसली तरी सांगा हो, हाकलते," असं मी चिडवायचे.

आमच्या शिरगावात जो तो म्हणाला, उष्णता. मग उष्णतेवर काय, तर सकाळची ताडी. थंड असते ना! हे पेला भरून प्यायचे आणि अंगठा आणखी लाल व्हायचा. आगीत तेल म्हणतात ते हेच.

शेवटी मीच पालघरला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, दंडाला पट्टा बांधला. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं, त्यानेच अंगठा सुजायचा; बीपीही वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "दोघांचं एकमेकांशी नातं असतं. एक वाढलेलं दिसलं, की दुसऱ्यावरही नजर ठेवायची. ताडी बंद, सुकी मासळी कमी, आणि बीपीची गोळी रोज."

ह्यांनी त्यातलं नातं तेवढं उचललं. जन्मभर काटा बघून बॉयलरचा दाब ओळखणारा माणूस. त्यांना वाटलं, आपल्या अंगातही काटा सापडला. ताडी सोडली, अंगठ्याची सूज उतरली, आणि मग बीपीची गोळीही सोडली.

"अंगठा दुखत नाय, म्हणजे प्रेशर नाय. तूच ऐकलंस ना, दोघांचं नातं हाय!"

"अहो, नातं असलं म्हणून दोघं हातात हात घालूनच येतात का? पट्टा तरी बांधून घ्या."

हसण्यावारी न्यायचे. रोज सकाळी ओसरीवर बसून अंगठा दाबून बघायचे, "ऑल ओके" म्हणायचे आणि ड्यूटीला निघायचे. माझा नुसता संताप व्हायचा. पण दगडावर डोकं आपटून काय उपयोग?

त्या सकाळीही "ऑल ओके" म्हणाले. बूट घालायला वाकले आणि तसेच कलंडले. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यात पट्टा बांधला तेव्हा नर्सचा चेहराच उतरला. प्रेशर वाढून मेंदूत रक्त सांडलं होतं.

आता घरीच असतात. जीभ वळत नाही, उजव्या पायाला स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणतात, जाणीव परत येईल, नाहीतर येणारही नाही. रोज संध्याकाळी मी त्या पायाला तेल चोळते. अंगठ्याशी आले की हात थांबतो. दाबते.

"दुखतंय?"

डावा हात हलवून नाही म्हणतात.

मी आणखी जोर लावते, नख रुतेपर्यंत. ओरडा हो एकदा, म्हणते, चादरीला ओरडायचात तसं माझ्यावर ओरडा. ते नुसते माझ्याकडे बघत राहतात.