वहिनीला म्हटलेलं धन्यवाद

नव्या वर्षात कृतज्ञ व्हायचं, असं मी ठरवलं. पहाटे फिरायला जायचा संकल्प दरवर्षी मोडतो. हा निदान बसल्या जागी पाळता येईल असं वाटलं. पहिल्याच सकाळी बायकोला चहाबद्दल धन्यवाद म्हटलं. तिनं कप उचलून चहाचा वास घेतला आणि बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारलं.

घरचा नाद सोडला. खरे आभार मानायचे होते ते रिठदला, आमच्या गावी. आमचं शेत अजून एकत्रच आहे. मोठा भाऊ ते कसतो, मी वाशीमला नोकरी करतो, आणि तूर निघाली की वहिनी आमच्या वर्षाच्या डाळीचं गाठोडं बांधून ठेवतात. आजवर मी ते नुसतं गाडीला बांधून आणत आलो. यंदा जेवण झाल्यावर उठून हात जोडले. "दादा, वहिनी, तुम्ही आमच्यासाठी इतकं करता, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे." वाक्य रस्ताभर हेल्मेटमध्ये घोकलं होतं.

वहिनी खरकटं ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाला, "वाटण्या पायजे का तुले?"

मी हसलो. तो हसला नाही. आमच्याकडे भाऊ एकमेकांशी शुद्ध बोलायला लागले, की समजायचं मोजणीवाले येणार. चुलत्यांच्या घरी असंच झालं होतं. आधी गोड गोड 'आपण' आलं, मग शेताच्या धुऱ्यावर हद्दीचे दगड रोवले गेले. मी नव्या वर्षाचं, संकल्पाचं सांगू लागलो, तशी भावाची मान आणखीच खाली गेली.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "परक्यावानी काहून बोलून राह्यले भाऊजी? डाळीत खडे निंगाले काय मागच्या वर्षी?"

मी पुन्हा खाली बसलो.

"वहिनी, पोट नाही भरलं माह्यं. भाकर वाढा. आन् गाठोडं लहान दिसून राह्यलं यंदा."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पयल्यापासून खादाडच आहा तुमी," म्हणत त्या चुलीकडे वळल्या. भावानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. पोट गच्च भरलेलं होतं, तरी ती भाकर खाल्ली. वर आणखी एक मागून घेतली.

निघताना गाठोडं खरंच फुगलं होतं. भावानं ते स्वतः गाडीला बांधलं, दोरी ओढून पाहिली, हळू जा म्हणाला. धन्यवाद अगदी ओठांवर आलं होतं. मी घाईनं हेल्मेट घातलं.