गुवाहाटीच्या फोनवर केलेला प्रोग्रॅमर

बाबांची बदली गुवाहाटीला झाली तेव्हा आमचा प्रोग्रॅमर अर्धाच झाला होता. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून आई आणि मी मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्येच राहिलो आणि बाबा एकटे गेले. रेल्वेवाल्यांच्या घरात हे नेहमीचंच, म्हणे. असेल. मला मात्र भयंकर राग आला होता. टेबलावर वायरींचा गुंता आणि समोर बाबांची रिकामी खुर्ची!

प्रोग्रॅमर म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढी मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते, तिच्यात कॉम्प्युटरवरून आपला प्रोग्रॅम भरायचं यंत्र. विकतचं दिल्लीला मिळायचं. त्याची किंमत ऐकून आई म्हणाली होती, "तेवढ्यात नवा फ्रिज येईल." मग बाबांनी ठरवलं, घरीच करू. हजरतगंज बाजाराच्या मागच्या गल्लीतून सुटे भाग आणले. कॉम्प्युटरला प्रिंटर जिथे जोडतात तिथेच हेही जोडायचं होतं. तेवढ्यात बदलीची ऑर्डर आली.

घरी रेल्वेचा फोन होता. संध्याकाळी मी तो उचलला की एक्स्चेंजमधले भैया मी तोंड उघडायच्या आधीच म्हणायचे, "हाँ बिटिया, गुवाहाटी ना? होल्ड कीजिए."

"बाबा, चिपमध्ये काहीच जात नाहीये."

"व्होल्टेज किती येतंय?"

"तेरा."

"ठीक आहे. मग जोडणी तपास."

कशी आहेस, करमतं का, हे ते कधी विचारायचे नाहीत. मीही विचारायचे नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, त्या व्होल्टांना विचार, तिकडे जेवायला काय मिळतं!" माझ्या तोंडावर यायचं ते "घरी या" एवढंच, आणि तेवढं सोडून मी बाकी सगळं बोलायचे. मला बाबा हवे होते हो, चिप गेली खड्ड्यात!

कॉम्प्युटरला जोडायचा माझ्याकडे होता तसाच एक प्लग बाबांनी तिकडे मुद्दाम विकत घेतला होता, दोन ओळींत पिना असलेला. तो हातात धरून ते सांगायचे, "वरच्या ओळीत डावीकडून दुसरी." मी डावीकडून दुसरीवर वायर जोडायचे. पिनांशेजारचे आकडे मुंगीएवढे, ते वाचायचा कंटाळा. शिवाय बाबा सांगतायत म्हटल्यावर आकडे कशाला बघायचे? रोज नवी वायर काढायची, जोडायची, आणि चिप आपली ढिम्म.

एकदा मी अशीच फोनवर वाद घालत होते. आई समोरच्या खुर्चीवर मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "डावी डावी काय चाललंय केव्हाचं? मला तर इथून ती उजवीकडे दिसतेय."

मी प्लग फिरवून बघितला आणि विचारलं, "बाबा, प्लग कुठल्या बाजूने बघताय तुम्ही?"

"कुठल्या म्हणजे? पुढून!"

आणि मी मागून, वायर जोडतात त्या बाजूने बघत होते. इतके दिवस सगळं उलटं! बाबा एवढे हसले की लाइनवर फटफट आवाज व्हायला लागला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील. पुढून बघायचं म्हणजे समोरासमोर बसलेलं माणूस लागतं, हे आम्हा दोन इंजिनिअरांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. चिपमध्ये प्रोग्रॅम भरला, बॅटरी लावली, आणि चिपला जोडलेला लाल दिवा लुकलुकायला लागला. मी अक्षरशः नाचले. आईने हात जोडले, कुणाला कोण जाणे. मग फोन.

"बाबा, झालं! दिवा लागतोय, विझतोय!"

"शाब्बास," ते म्हणाले. "शाब्बास गं."

मग नुसती खरखर. मला वाटलं लाइन कट झाली.

"बाबा?"

"आहे, आहे. म्हटलं, आता उद्यापासून तू फोन कशाला करशील?"

मला एकदम रडूच कोसळलं. "घरी या ना," मी म्हटलं.

"येतो," ते म्हणाले. पुढची ऑर्डर निघेपर्यंत ते येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.