पान एकशे बारा

ओळीवर दोन बोटं ठेवायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि समोरच्याकडे न बघता विचारायचं, "हे कोनं सांगतलं?" भाऊंच्या दुकानात प्रबंध टाइप करून घ्यायला गेलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकला आहे. तुमच्यापैकी कुणी गडचिरोलीत शिकलं-शिकवलं असेल, तर कदाचित तुम्हीही ऐकला असेल.

दुकान बसस्थानकामागच्या गल्लीत होतं. दोन संगणक, एक घरघरणारा प्रिंटर, भिंतीला टेकवलेले कागदाचे गठ्ठे. पाटीवर अर्ज, शपथपत्र, लॅमिनेशन असं सगळं लिहिलेलं होतं, पण भाऊंचा जीव प्रबंधांत. स्वतः बारावीच्या पुढे शिकले नव्हते. टाइप झालेली पानं छापून घेत आणि पेन्सिल घेऊन बसत. मजकुरातलं नाव शेवटच्या संदर्भसूचीत सापडलं की दोन्हीकडे बारीक खूण. मजकुरात असून सूचीत नसलेल्याला ते 'बेवारस' म्हणत. सूचीत असून मजकुरात कुठेच नसलेला तो 'फुकटा पाहुणा'.

वरोऱ्याचे एक प्राध्यापक लांबलचक सूची घेऊन आले होते. भाऊ खुणा करत शेवटापर्यंत गेले आणि म्हणाले, "सर, पंगत तं मोठी बसवली तुमी. जेवले अकराच जन."

"तुम्हाला टाइप करायला सांगितलंय," प्राध्यापक चिडले.

"टाइपच करून राह्यलो न जी. पन उद्या परीक्षकानं मोजलं तं तुमाले विचारन, मले नाई."

प्राध्यापकांनी चहा मागवला आणि निमूटपणे पाहुणे कमी करायला बसले.

एका मुलीने आपल्या ऋणनिर्देशात भाऊंचं नाव घातलं होतं. टाइप करताना त्यांनीच ते गाळलं. "म्या का सांगतलं त्यात? म्या तं फक्त टाइप केलं." म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहीत नाही.

माझा प्रबंध रानातल्या खाण्यावर होता. त्यासाठी आलापल्लीच्या पुढच्या गावांत मी दोन वर्षं हिंडले. चौथं प्रकरण कडू कंदाचं. त्याचे काप करून टोपलीत भरतात आणि टोपली वाहत्या ओढ्यात ठेवतात, म्हणजे कडूपणा धुऊन जातो. पण किती दिवस ठेवायची? एका म्हाताऱ्या आजीने ओढ्याकाठी बसून मला सांगितलं की दिवस मोजायचे नसतात. लहान मासे टोपलीला तोंड लावू लागले की कंद खायला झाला. आजी गोंडीत बोलत होती, तिची सून मला मराठीत सांगत होती. माझं सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "कुठली तरी आजी म्हणजे संदर्भ नव्हे. छापील काहीतरी द्या." एका जुन्या जाड पुस्तकात कंदांवर काही पानं होती. मी तेच पुस्तक घातलं आणि प्रबंध भाऊंकडे टाइपला दिला. पान एकशे बारा.

चार दिवसांनी दुकानात गेले, तर ते पुस्तक भाऊंच्या टेबलावर होतं. ग्रंथालयातून त्यांनी स्वतः आणलेलं.

"मॅडम, एकशे बारावर मासे नाईत."

"पुढेमागे असतील."

"सारं वाचलं. कंद हाये, टोपली हाये. मासे कुठीच नाई. तुमाले कोनं सांगतलं?"

मी आजीबद्दल सांगितलं. भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी पेन्सिल उचलली. "मंग तिचंच लिहू न! नाव का तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. माझ्या वहीत 'वृद्ध स्त्री, वय अंदाजे सत्तर' एवढंच होतं.

"तिच्या घरी राह्यल्या तुमी?"

"दोन दिवस."

"जेवल्या?"

"हो."

"अन् नाव नाई विचारलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सकाळची बस हाये, मॅडम. जाऊन या. मी थांबतो."

प्रबंध जमा करायला आठ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी मी गेले ती बसला नाही, तर माझा पेन ड्राइव्ह परत घ्यायला. कारण मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. उरलेलं काम चंद्रपुरात करून घेतलं. तिथे ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही. परीक्षकांनीही नाही. पदवी मिळाली.

पुढे एकदा बांधलेली प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मिरवायला नव्हे, बोलणी खायलाच गेले होते बहुधा. भाऊंनी प्रत शेवटाकडून उघडली. बोट सूचीवरून सावकाश खाली आलं आणि त्या पुस्तकापाशी थांबलं. मी वाट पाहिली. त्यांनी प्रत मिटली, पाठीवरून हात फिरवला. "बांधनी चांगली झाली," म्हणाले.

मग त्या गल्लीतून जाणं मी टाळू लागले. मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. मला तेरावं उलटल्यावर कळलं. बंद शटरवर त्यांच्या मुलीने कागद चिकटवला होता, ज्यांची कागदपत्रं आत आहेत त्यांनी फोन करावा म्हणून. माझं आत काहीच नव्हतं.

यंदा एका विद्यार्थिनीने तिचा लघुप्रबंध माझ्यासमोर ठेवला. त्यात टोपली होती, मासे होते, आणि पुढे कंसात माझं आडनाव आणि साल. "तुमचंच वाक्य घेतलंय, मॅडम," ती कौतुकाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची बस धरली. आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनेने मला ओळखलं, पाणी दिलं. मी सासूचं नाव विचारलं, तेव्हा ती आधी हसली. "आता काऊन पायजे, बाई?" मग तिने सांगितलं. मैनी. मी वहीत लिहिलं आणि बरोबर आहे ना म्हणून दोनदा वाचून दाखवलं.

पदवी मिळालेल्या प्रबंधात आता बदल होत नाही, असं विद्यापीठाने कळवलं. हातात राहिला तो विद्यार्थिनीचा लघुप्रबंध. मी त्यातलं माझं नाव खोडून वर मैनी असं लिहिलं.

तिने वाकून पाहिलं. "यांचं पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे का, मॅडम?"

"पुस्तक नाही. त्यांनी सांगितलं होतं."

"मग सूचीत कसं लिहू? पान कुठलं टाकू?"

आधी गाव की आधी नाव, सांगणारी हयात नसेल तर साल कुठलं, आडनावाशिवायचं माणूस कुठल्या अक्षराखाली बसवायचं, हे सगळं भाऊंनी पेन्सिलीने एका मिनिटात लिहून दिलं असतं. पेनाचं टोपण काढून ती माझ्याकडे बघत उभी होती.